ज्याचा त्याचा पत्ता

उज्ज्वला बिराजदार चिडल्या की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या, मग ओढणी कमरेला गुंडाळायच्या आणि समोरच्याकडे बघत एकच शब्द म्हणायच्या, "याक?"

कन्नडमध्ये याक म्हणजे का. त्यांचं मूळ गाव सीमेकडचं. घरात आजी कन्नड बोलायची, बाकीचे मराठी. शाळा, कॉलेज, नोकरी सगळं मराठीत झालं, राग तेवढा आजीच्या भाषेत राहिला. लातूरच्या क्लासवाल्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. जिन्यातून "याक?" ऐकू आलं की खालचे लोक एकमेकांकडे बघून हसायचे आणि आज कुणाची पाळी म्हणून कान द्यायचे.

परवा एका लग्नात पंगतीत कुणीतरी त्यांचा विषय काढला. शेजारची बाई म्हणाली, "ती भांडकुदळ ना? कंप्युटरवाली?" आणि दोघीतिघी हसल्या. मी ताटावरून उठले. घरी आल्यावरही राग जाईना. त्यांची भांडणं कशासाठी होती हे त्या हसणाऱ्या बायकांना कुणी सांगितलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

मी नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा हाताशी इंग्रजीची पदवी होती आणि काम नव्हतं. परदेशी गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार करायला माणूस पाहिजे, असं कुणाकडून तरी कळलं आणि मी तो जिना चढले. खोलीत ओळीनं कंप्युटर मांडलेले. प्रत्येकाच्या कडेला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. लाल, पिवळी, हिरवी, निळी. भिंतीवर क्लासमधून आणलेला जुना फळा, आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, "आपलं दुकान दुसऱ्याच्या दारातून उघडायचं नाही."

"बस," उज्ज्वला मॅडम म्हणाल्या. "आधी आपण काय करून राहिलो ते समजून घे. न्हाईतर आठ दिवसांनी तू बी लोकांसारखं विचारशील, मॅडम, तुम्ही नेमकं विकता काय?"

त्या काहीच विकत नव्हत्या. लातूर, उदगीर, नांदेडकडची काही माणसं परदेशातल्या मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकानं चालवत. कुणी पितळेची पूजेची भांडी विकायचं, कुणी गोधड्या, कुणी घोंगड्या. एकेकाची दोन-तीन देशांत दुकानं. माल ज्याचा तो पाठवायचा. उज्ज्वला मॅडम सांभाळायच्या ते त्या दुकानांचे पत्ते.

"तू इंटरनेट उघडलंस की पलीकडच्याला तुझं तोंड दिसत न्हाई," त्यांनी सांगितलं. "दिसतो आकड्यांचा एक पत्ता. तुझी लाइन ज्या पत्त्यावरून आली तो. आता हा जो बाजार हाय, त्यानं एखाद्या लबाडाला हाकललं, तर तो दुसऱ्या दिवशी बायकोच्या नावानं नवं दुकान टाकतो. म्हणून बाजाराचं यंत्र पाळत ठेवतं. एकाच पत्त्यावरून दोन दुकानं उघडली की यंत्र म्हणतं, माणूस एकच. एकाला हाकललं की दुसऱ्यालाही हाकलायचं."

"पण ती माणसं खरंच वेगळी असली तर?"

"तर काय? हाकलायचं."

"म्हणजे एका जिन्यानं वर जातात म्हणून घरमालक आणि भाडेकरू दोघांना आत टाकायचं?"

"हाव," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. "आन् इचारायचं बी न्हाई. तू राहा. तुला समजतंय."

म्हणून प्रत्येक दुकानदारासाठी त्या इंटरनेट कंपनीकडून कायमचा, न बदलणारा, त्याचा एकट्याचा पत्ता घ्यायच्या. एक दुकान कुणाच्या स्वतःच्या नावावर आणि दुसरं त्याच्या बचत गटाच्या नावावर असेल तर दोघांना वेगळे पत्ते, वेगळे कंप्युटर, वेगळ्या रंगाच्या पट्ट्या. हिरव्या पट्टीच्या कंप्युटरवर कुणी चुकून लाल पट्टीचं दुकान उघडायला गेलं तर त्या खोलीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायच्या. फोनवर कुणी नमस्कार म्हटलं की त्यांचा नमस्कार असायचा, "कुठून उघडलं?"

उदगीरचे पितळेच्या भांड्यांचे एक वयस्क व्यापारी होते. हैदराबादला नातवाच्या मुंजीला गेले आणि राहवलं नाही म्हणून लॉजच्या वायफायवरून आपलं इंग्लंडचं दुकान उघडून बसले. मॅडमना कळलं तेव्हा ते बिचारे मिठाईचा पुडा घेऊन समोर उभे होते.

"काका, त्या लॉजमध्ये रोज किती माणसं उतरतात?"

"लई उतरतात. बरं लॉज हाय."

"त्यातल्या एकानं त्याच वायफायवरून लबाडी केली असंल तर? तुम्ही तुमच्या दुकानाची किल्ली लॉजच्या खुंटीला अडकवून आलात, काका."

काका कान धरून म्हणाले, "गलती झाली, माय." मॅडमनी पुडा घेतला, पण काका जाईपर्यंत उघडला नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला रागावल्याचं त्यांना दिवसभर वाईट वाटत राहिलं. दुपारी मला म्हणाल्या, "मी लई बोलले का गं?" मी हो म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, "पण दुकान गेलं असतं तर?" आणि पुन्हा चिडल्या, या वेळी लॉजवर.

दुसऱ्या तऱ्हेचे लोकही यायचे. त्यांना पत्ता सांभाळून नको असायचा, लपवून हवा असायचा. बसायचं लातुरात आणि बाजाराला दाखवायचं लंडन. किंवा हाकललेलं दुकान मेव्हण्याच्या नावानं पुन्हा उभं करायचं. अशा माणसाला त्या खुर्ची द्यायच्या नाहीत. "जे खरंच वेगळं हाय ते वेगळं ठेवणं माझं काम. खोटं वेगळं करून देणारे दुसरे हायत, त्यांच्याकडं जा." हे त्या एवढ्या मोठ्यानं बोलायच्या की तो माणूस जिना उतरेपर्यंत गल्लीला कळलेलं असायचं.

हे इतकं त्यांना का लागायचं, हे मला हळूहळू कळलं.

भूकंप झाला तेव्हा त्या शाळकरी मुलगी होत्या. त्या पहाटेबद्दल त्या बोलायच्या नाहीत. आई आणि धाकटा भाऊ गेले, एवढंच मला माहीत होतं, तेही त्यांच्या मावशीकडून. त्या बोलायच्या ते नंतरच्या वसतिगृहाबद्दल. भूकंपातल्या काही मुलींना शिकायला नांदेडला ठेवलं होतं. तिथल्या बाईंनी या मुलींची नावं कधी पाठ केली नाहीत. हजेरी झाली की म्हणायच्या, "भूकंपाच्या पोरी इकडं."

एकदा कोठीतून बिस्किटांचे पुडे चोरीला गेले. चौकशी झालीच नाही. भूकंपाच्या सगळ्या पोरींना दुपारच्या उन्हात अंगणात उभं केलं आणि त्यांचं जेवण बंद. पुढं चोर सापडला, तो कोठीवरचाच माणूस निघाला. पण त्या दुपारी रांगेतून एकटी उज्ज्वला पुढं झाली आणि म्हणाली, "याक?" बाईंना कन्नड येत नव्हतं, पण सूर कळला. त्यांनी थोबाडीत दिली.

"मारलं त्याचं काय न्हाई गं," मॅडम मला म्हणाल्या होत्या. "त्या काळात सगळेच मारायचे. पण मला मारायचं तर माझ्या नावानं मारायचं ना! उज्ज्वलानं चोरलं म्हणून मार. बाई म्हणाल्या, तुम्ही भूकंपाच्या सगळ्या अशाच. आमची घरं पडली हाच आमचा गुन्हा? ज्या पोरीची आई जाऊन महिना झाला न्हाई, तिला उन्हात उभं करून ही बाई सावलीत बसून जेवली."

हे सांगताना त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो त्यांनी न पिताच बशीवर पालथा घातला. आपण काय केलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी टेबल पुसलं.

शिकून त्या फिजिक्सच्या शिक्षिका झाल्या आणि लातूरच्या एका क्लासात लागल्या. लातुरात तेव्हा क्लासांना उधाण आलं होतं. परभणी, बीड, नांदेड, कुठून कुठून पोरं यायची. घरांचे मजले वाढत होते, खोल्यांमध्ये कॉट घुसत होत्या, मेस निघत होत्या. निकाल लागला की चौकाचौकांत पोरांच्या फोटोंचे फलक लागायचे. एका वर्षी बोर्डात झळकलेल्या एका मुलीचा फोटो मॅडमच्या क्लासच्या फलकावर होता. त्याच मुलीचा फोटो पलीकडच्या दोन क्लासांच्या फलकांवरही होता. मॅडमच्या क्लासात ती फक्त एकदा सराव परीक्षा द्यायला आली होती.

त्या मालकाकडे गेल्या. मालक म्हणाले, "मॅडम, सगळेच लावतात. आपण न्हाई लावला तर आपण येडे ठरू."

"ती पोरगी घरी बसून शिकली. तिचा बाप तिला शिकवायचा. त्या बापाचं नाव कुठाय ह्या बोर्डावर?"

मालक हसले. चार दिवसांनी नव्या पालकांची सभा होती. मालकांनी फलकाकडे हात करून सांगितलं की ही आमची विद्यार्थिनी. मॅडम शिक्षकांच्या रांगेत बसलेल्या. त्या उठून म्हणाल्या, "ही मुलगी इथं शिकलेली नाही. मी इथं फिजिक्स शिकवते, मला माझी पोरं माहीत आहेत."

त्यांची नोकरी त्याच दिवशी गेली. पण त्यांना राग नोकरीचा नव्हता. "एकाही पालकानं इचारलं न्हाई, मीना. एकानंही. शेतातली कामं सोडून पोराला घेऊन आलेली माणसं. मी बोलले ते ऐकलं, माझ्याकडं बघितलं, आणि प्रवेशाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. खोटं हाय हे कळल्यावर बी!"

आता सुरेखाताईंचं. ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते हेच.

सुरेखा सूर्यवंशी रेणापूरच्या. नवऱ्यामागं त्यांनी गावातल्या बायकांचा गट केला होता. जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायच्या. आपण अंगाखाली घालतो ती वाकळ परदेशात लोक भिंतीवर टांगतात, याचं त्या बायकांना फार हसू यायचं. "आमच्या सासूचं लुगडं तिकडं फोटोवानी लावत्यात," असं एक म्हातारी सांगायची. अमेरिकेतलं दुकान सुरेखाताईंच्या नावावर होतं, इंग्लंड-जर्मनीतलं गटाच्या नावावर. लाल पट्टी आणि निळी पट्टी. त्यांच्यासाठी मॅडमनी रेणापूरला त्यांच्या घरीच लाइन घेऊन दिली होती, दोन वेगळे पत्ते, आणि सुरेखाताई इतक्या काटेकोर होत्या की मोबाइलवरून दुकान नुसतं बघायचं झालं तरी फोन करून विचारायच्या.

तिकडच्या थंडीचे दिवस जवळ आले होते. नाताळसाठी वाकळींची मागणी सुरू झालेली. एका सकाळी सुरेखाताईंचा फोन आला. आवाज इतका बारीक की मॅडमनी दोनदा विचारलं, कोण बोलतंय. तिन्ही दुकानं बंद झाली होती. बाजाराचं म्हणणं असं, की नकली अत्तरं विकणारा एक माणूस आम्ही हाकलला, आणि तुमचं दुकान त्याच्याशी जोडलेलं आहे.

आम्ही एसटीनं रेणापूरला गेलो. मॅडमनी कंप्युटर सुरू केले आणि पत्ते तपासले. दोन्ही कंप्युटर एकाच पत्त्यावरून बोलत होते, आणि तो पत्ता त्यांनी घेऊन दिलेल्यांपैकी नव्हताच. इंटरनेट कंपनीकडचे पत्ते कमी पडायला लागले म्हणून तिनं कुणालाही न सांगता त्या भागातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून एकच पत्ता देऊन टाकला होता. आख्ख्या गल्लीच्या घरांना एकच नंबर ठोकावा तसा. त्या गल्लीत कुठंतरी तो अत्तरवाला होता. सुरेखाताईंनी त्याचं तोंडही बघितलेलं नव्हतं.

तिथून आम्ही तशाच लातूरला कंपनीच्या ऑफिसात. मॅनेजर पान चघळत होता.

"मॅडम, इंटरनेट चालू हाय ना? मग तक्रार काय?"

"आम्ही वेगळा पत्ता घेतला होता. तो तुम्ही दुसऱ्यांत मिसळलात. सांगितलं का न्हाई?"

"अहो, नंबरच हाय की. नंबराला काय जात असती का धर्म? खामखा परेशान होऊन राहिलात."

मॅडमनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, आता. पण त्या ओरडल्या नाहीत. फार शांतपणे त्या बोलल्या. "तुमच्या घरी उद्या पोलीस आले आणि म्हणाले, शेजारच्यानं चोरी केली, तुमचा नि त्याचा घरनंबर आम्हीच एक केलाय, चला. तर जाल का तुम्ही?"

"तसं कसं?"

"तसंच. रेणापूरच्या बाया वाकळी शिवून घरात थप्पी लावून बसल्यात. त्यांना तुम्ही चोराच्या घरात राहायला पाठवलंत आणि वरून म्हणताय, लाइट तर चालू हाय ना!"

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की झालेली गोष्ट कंपनीनं लिहून द्यावी. मॅनेजर वर विचारतो म्हणाला. वरचे पुण्याला विचारतो म्हणाले. मॅडम रोज जाऊन त्या बाकावर बसायच्या. शेवटी त्यांना टाळायला म्हणून का होईना, कंपनीनं लिहून दिलं आणि जुने पत्तेही परत दिले.

मी बाजाराला पत्रांवर पत्रं पाठवत होते. उत्तर यायचं, आमच्या पत्राशी काहीही संबंध नसलेलं. तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. आमचा निर्णय कायम आहे. पुन्हा पत्र, पुन्हा तेच शब्द, स्वल्पविरामासकट. मॅडम माझ्या खांद्यावरून वाचायच्या आणि पडद्यावर बोट आपटायच्या. "माणूस दे म्हणावं! मला माणसाशी बोलायचं. गैरसोय म्हणे! हे वाक्य लिहिणाऱ्याला वाकळ म्हणजे काय, सुरेखा म्हणजे कोण, ठाऊक तरी हाय का?"

मधल्या काळात सुरेखाताईंच्या दिरानं नांदेडचा एक एजंट शोधून काढला. तो तयार दुकानंच विकायचा. नाव भलत्याचंच, पत्ता परदेशातला, भाड्यानं घेतलेला. नाताळच्या आत दुकान चालू, असं त्याचं वचन. सुरेखाताई ऑफिसात आल्या. पदराचं टोक पिळत त्यांनी विचारलं,

"मॅडम, त्यो करतो ते तुमाला येतं का?"

"येतं. एका दुपारचं काम हाय."

"मग तुमीच करा की. त्याच्यापरीस तुमच्यावर माझा भरोसा हाय."

"मी न्हाई करणार, सुरेखाताई."

"का?"

"तुम्ही चोर न्हाई. चोरासारखं तोंड झाकून कशाला जायचं? आपण दारातून जाऊ."

सुरेखाताई उठून उभ्या राहिल्या. त्यांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "दार उघडंना म्हणून तर आले ना तुमच्याकडं! तुमचा खरेपणा लई मोठा हाय, मॅडम. पण चूल माझ्या बायांची इझायलीय. तुमाला काय, भांडून समाधान होतंय."

सुरेखाताई दारापर्यंत गेल्या, तिथं थांबल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पौर्णिमेपर्यंत वाट बघते. मग मी नांदेडला जाणार."

त्या गेल्यावर मॅडमनी मला विचारलं, "खरं बोलली का गं ती?" मी बाजाराला पुढचं पत्र लिहायला घेतलं.

पौर्णिमेच्या आधी बाजाराचा निरोप आला. आमचा अधिकारी व्हिडिओवरून बोलेल, दुकानदारानं आपल्या जागेतून बोलावं. आम्ही रेणापूरला गेलो. सुरेखाताईंनी इरकल नेसली होती. बायका ओळीनं वाकळी घेऊन बसलेल्या. म्हातारीनं कॅमेऱ्याला नमस्कार केला. पलीकडचा पडदा काळाच राहिला. अधिकाऱ्यानं आपलं तोंड दाखवलंच नाही, नुसता एक तरुण, सभ्य आवाज हिंदीत बोलत होता. सुरेखाताईंनी ओळखपत्र दाखवलं, माल दाखवला, कंपनीनं लिहून दिलेलं दाखवलं. सगळं चांगलं चाललं होतं.

मग आवाजानं विचारलं, "आपके बाजू में कौन हैं?"

मॅडम वाकून कॅमेऱ्यासमोर आल्या आणि त्यांनी आपलं नाव सांगितलं.

"आप इनकी दुकान संभालती हैं?"

"पत्ता संभालती हूँ."

"और भी दुकानदारों का?"

सुरेखाताईंनी टेबलाखालून मॅडमचा हात घट्ट धरला. मी शेजारीच होते, मला दिसलं. मॅडम म्हणाल्या, "जी हाँ. औरों का भी."

आवाजानं धन्यवाद दिले आणि तो गेला.

उत्तर आलं ते असं: सुरेखाताईंची दुकानं परत सुरू करता येतील. मात्र ज्या व्यक्तीच्या हातात अनेक दुकानदारांचे पत्ते आहेत तिच्याशी त्यांचा काही संबंध राहता कामा नये. त्या व्यक्तीमुळे बाकीची दुकानंही एकमेकांना जोडलेली धरून तपासली जातील.

ते मी मोठ्यानं वाचलं. मला वाटलं आता चष्मा, ओढणी, सगळं होणार. मॅडमनी खुर्ची पडद्याजवळ ओढली आणि ते पुन्हा स्वतः वाचलं. त्यांनी ज्या दुकानांना इतकी वर्षं एकमेकांपासून वेगळं ठेवलं, त्या सगळ्यांच्या मधला एकमेव धागा आता बाजाराच्या लेखी त्याच होत्या. उदगीरचे काका, घोंगडीवाले, सगळे. कुणाची चूक नाही, लबाडी नाही, कुणी काही विचारलं नाही. आणि ज्या एजंटनं भलत्यांच्या नावानं दुकानं काढली त्याला पकडायला मात्र कुठल्या यंत्राला डोळे नव्हते.

सुरेखाताई धावत आल्या. रडत होत्या. "म्हणायचं व्हतं ना, मी शेजारीण हाय म्हणून! कोण बघाया येणार व्हतं?"

"नाव इचारलं त्यानं," मॅडम म्हणाल्या. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माणसानं नाव इचारलं. मी माझंच सांगणार की."

पुढच्या काही दिवसांत त्यांनी ऑफिस मोडलं. एकेका दुकानदाराला बोलावून त्याचा कंप्युटर त्याच्या हवाली केला, लाइन त्याच्या घरी नेऊन दिली, पत्ता कसा तपासायचा, बदलला तर कंपनीला काय विचारायचं, हे क्लासात शिकवावं तसं शिकवलं. काकांना दोनदा शिकवलं. काका म्हणाले, "माय, तू गेलीस तर मला रागवंल कोण?" त्या म्हणाल्या, "कुठून उघडलं, हे आता स्वतःला इचारायचं." मग सगळ्यांचे नंबर त्यांनी आपल्या फोनमधून काढून टाकले. मला म्हणाल्या, "यंत्राला ह्यात बी संबंध दिसंल." हसत नव्हत्या.

सुरेखाताईंची अमेरिकेची आणि जर्मनीची दुकानं सुरू झाली. इंग्लंडचं कधीच झालं नाही, आणि का नाही हे कुणी सांगितलं नाही. नाताळ निघून गेला होता. तरी बायका टिकल्या, आज त्यांचं बरं चाललंय. नांदेडच्या त्या एजंटचंही चाललंय, फारच बरं. मध्ये त्याचा होतकरू उद्योजक म्हणून सत्कार झाला, हारतुऱ्यांसकट. तो फोटो मी पेपरात पाहिला तेव्हा पेपर टराटरा फाडला. माझी मुलगी म्हणाली, आई, आजचाच होता.

ऑफिस मोडल्यावर मॅडम मुदखेडला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागल्याचं कळलं. मी नांदेडला माहेरी गेले की जाऊन भेटू म्हणायचे आणि राहून जायचं. शेवटची भेट झाली ती आपोआप. मुदखेडला नात्यातल्या बारशाला गेले होते, परतीला स्टेशनवर आले तर बाकावर त्याच. पेपर तपासायला नांदेडला निघालेल्या. केस बरेच पांढरे झालेले. आम्ही पेरू घेतला, अर्धा अर्धा केला. सुरेखाताईंची त्यांनी चौकशी केली. मी सांगत गेले, त्या मीठ लावून पेरू खात ऐकत राहिल्या. एकदाच म्हणाल्या, "म्हातारी हाय का अजून? नमस्कार करणारी?" मी आहे म्हटल्यावर त्यांना फार बरं वाटलं.

गाडी आली. गर्दी होती. त्या म्हणाल्या, "मीना, तू चढून जागा धर, मी पाणी भरून आले."

मी खिडकीजवळ बसले आणि शेजारच्या जागेवर रुमाल टाकला. बाहेर नळापाशी मजूर बायका बोचकी घेऊन उभ्या होत्या. एका प्रवाशाचा मोबाइल सापडत नव्हता आणि एक पोलीस त्या सगळ्या बायकांना काठीनं एका रांगेत बसवत होता. बोचकी उलटी केली जात होती. भाकरी, तांब्या, लेकराचं झबलं फलाटावर पडलं होतं. मॅडम बाटली भरता भरता थांबल्या. मी खिडकीतून हाक मारली. त्यांनी ऐकली, माझ्याकडे बघून हात केला, थांब असा, आणि त्या पोलिसाकडे चालू लागल्या. त्यांचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. एवढं दिसलं की त्यांनी रांगेतल्या पहिल्या बाईसमोर वाकून तिला काहीतरी विचारलं, आणि ती बाई आपलं नाव सांगत असावी. मग दुसरीला. पोलीस हातवारे करत होता. भोंगा झाला. मी पुन्हा ओरडले. त्यांनी मान वळवली नाही.

गाडी सुटली तेव्हा त्या रांगेच्या मधोमध फलाटावर बसलेल्या होत्या, बायकांमध्ये, पोलिसाकडे तोंड करून.

मुदखेड बरंच मागं पडलं. कडेला उभ्या असलेल्या एका माणसानं रुमालाकडं बोट करून विचारलं, "इथं कुणी हाय का?"

"हाय," मी म्हणाले. "त्यांची जागा हाय."